आउटपासवर मायदेशी परतताना: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

व्हिसाची मुदत संपूनही आखाती देशात राहिलेल्या आणि हाती वैध पासपोर्ट नसलेल्या भारतीय नागरिकाला परतण्यासाठी तेथील भारतीय दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. कामगारांच्या तोंडी तोच आउटपास. तो फक्त भारतात येण्यासाठी आणि एकाच प्रवासापुरता चालतो.

अर्जासोबत फोटो, जुन्या पासपोर्टची व व्हिसाची झेरॉक्स आणि पासपोर्ट हरवला असल्यास तेथील पोलिसांकडे केलेल्या तक्रारीची प्रत द्यावी. जुना क्रमांक हाताशी असला की नोंद लवकर सापडते. तो नसेल, तर आपण भारतीय आहोत हेच आधी सिद्ध करावे लागते आणि खरा वेळ तिथेच जातो. चौकशी गावच्या पोलीस ठाण्यापर्यंत येते, हवालदार घरी येऊन रेशनकार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला पाहतो, आणि अर्जातले वडिलांचे नाव दाखल्याशी जुळले नाही तर कागद पुन्हा अडतो. म्हणून रत्नागिरी-रायगडातल्या ज्या घरातले माणूस आखातात आहे, त्या घराने त्याच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स आजच कपाटात ठेवावी. शेवटच्या पानावर आईवडिलांची नावे आणि पत्ता असतो.

आउटपास मिळाला म्हणजे विमानात बसता येते, असा समज मात्र चुकीचा आहे. देश सोडण्याची परवानगी त्या देशाचे सरकार देते, आणि मुदतीनंतरच्या मुक्कामाचा दंड, मालकाने केलेली पळून गेल्याची तक्रार (सौदीत तिला ‘हुरूब’ म्हणतात) किंवा न्यायालयातला खटला यांचा निकाल तिथेच लागावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीने १ सप्टेंबर २०२४ पासून दिलेली माफीची सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली होती. त्या काळात बाहेर पडणाऱ्यांना दंड माफ झाला आणि पुन्हा येण्यावर बंदीही आली नाही. अशी संधी वारंवार येत नाही, त्यामुळे ती जाहीर होताच अर्ज करावा.

तिकिटाचे पैसे नसल्यास २००९ मध्ये सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत मागता येते. अर्जदाराची आर्थिक स्थिती पाहून दूतावास निर्णय घेतो.

परतल्यावर नव्या पासपोर्टच्या अर्जात आपत्कालीन प्रमाणपत्रावर परतल्याची किंवा हद्दपार झाल्याची माहिती विचारली जाते, ती लपवू नये. सरकारी खर्चाने आणलेल्या व्यक्तीने तो खर्च परत केला नसेल, तर पासपोर्ट अधिनियम, १९६७ च्या कलम ६ नुसार नवा पासपोर्ट नाकारता येतो.