पाळी गेल्यावरच्या हॉर्मोन गोळ्या आणि स्मरणशक्ती: हा वाद आला कुठनं

पाळी गेल्यावर हॉर्मोनच्या गोळ्या घेतल्या की डिमेन्शिया होतो, असं कोल्हापुरात अजूनही सर्रास ऐकायला मिळतं, आणि सध्या उलट बाजूनं त्याच गोळ्यांनी मेंदू तरुण राहतो असे रील्सही घरोघरच्या ग्रुपवर फिरतायत. दोन्ही गोष्टी एकाच वीस-बावीस वर्षांच्या गोंधळातनं आल्यात. त्या गोंधळात आपल्या भागातल्या बायकांचा जो खरा प्रश्न आहे, म्हणजे वेळेआधी काढलेल्या ओव्हरीजचा (अंडाशयांचा), तो मात्र कुणाच्या चर्चेतच नाही.

जुना भाग थोडक्यात. इस्ट्रोजेन म्हणजे बायकांच्या ओव्हरीजमध्ये बनणारं हॉर्मोन. गाभण घोडीच्या लघवीतनं काढलेलं इस्ट्रोजेन अमेरिकेत १९४२ ला गोळीच्या रूपात बाजारात आलं. १९७५ मध्ये कळलं की नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो, मग ज्यांची पिशवी जागेवर आहे त्यांना सोबत प्रोजेस्टिन, म्हणजे अस्तराची वाढ आवरणारं दुसरं हॉर्मोन, द्यायला लागले. ऐंशी-नव्वदच्या दशकात नुसत्या निरीक्षणांवरनं दिसायला लागलं की गोळ्या घेणाऱ्या बायकांत अल्झायमर (डिमेन्शियाचाच एक प्रकार) कमी आहे. मेंदूत आठवणींचं काम करणाऱ्या भागात इस्ट्रोजेन पकडणारे रिसेप्टर आहेत हे माहीत होतंच, त्यामुळं सगळ्यांना ते पटलं. पण गोळ्या घेणाऱ्या बायका बहुतेक शिकलेल्या, खात्यापित्या घरातल्या, नियमित डॉक्टरकडं जाणाऱ्या होत्या, आणि अशा बायकांत डिमेन्शिया तसाही कमीच असतो, हे तेव्हा फार कुणी मनावर घेतलं नाही.

मग आली ती मोठी चाचणी, जिच्यामुळं सगळं उलटंपालटं झालं. अमेरिकेतल्या १६,६०८ बायका, वय ५० ते ७९, सरासरी वय ६३, सगळ्यांची पिशवी शाबूत. निम्म्यांना घोडीचं इस्ट्रोजेन ०.६२५ मिलिग्रॅम आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (एक प्रोजेस्टिन) २.५ मिलिग्रॅम अशी रोजची एक गोळी, निम्म्यांना साधी खोटी गोळी. जुलै २००२ ला ब्रेस्ट कॅन्सर, हार्ट आणि स्ट्रोकच्या आकड्यांमुळं ती मधेच थांबवली. पुढच्या वर्षी, मे २००३ मध्ये, मेंदूचा भाग बाहेर आला. त्यात फक्त ६५ च्या पुढच्या ४,५३२ बायका होत्या. एकूण ६१ जणींना डिमेन्शिया झाला, गोळी घेणाऱ्या गटात ४० आणि दुसऱ्या गटात २१. बातमी झाली 'धोका दुप्पट'. खोटं नव्हतं ते, पण दर १०,००० बायकांमागं वर्षाला २२ च्या जागी ४५ असा तो हिशेब होता, आणि हा दुसरा आकडा बातम्यांत कुठं दिसलाच नाही. २००४ मध्ये पिशवी काढलेल्या बायकांचा, नुसत्या इस्ट्रोजेनचा निकाल आला, त्यात धोका थोडा जास्त दिसला पण एकट्या त्या गटापुरता तो पक्का म्हणता येत नव्हता.

आता इथं जो निर्णय झाला त्याबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण आजची सगळी भीती त्यातनंच आलीय. अमेरिकेच्या औषध नियामकानं काळ्या चौकटीतली सगळ्यात कडक वॉर्निंग इस्ट्रोजेन असलेल्या प्रत्येक औषधावर छापायला लावली. गोळी असो, चामडीवर लावायचा पॅच असो, की योनीमार्गात कोरडेपणासाठी लावायचं अगदी कमी डोसचं क्रीम, सगळ्यांना एकच चौकट. क्रीममधनं रक्तात इस्ट्रोजेन जवळजवळ जातच नाही, तरी त्याच्या ट्यूबसोबत डिमेन्शियाचा इशारा! आणि खोक्यातला तो पातळ, दहा घड्या घातलेला कागद उघडून बघितला तर त्या चौकटीतच लिहिलेलं होतं की हे ६५ आणि त्यापुढच्या बायकांत दिसलं, त्याहून कमी वयाच्या बायकांना लागू पडतं का ते माहीत नाही. बारीक अक्षरातलं हे वाक्य वाचणार कोण? डॉक्टर घाबरले, बायका घाबरल्या, आणि पन्नाशीत रात्ररात्र घामानं भिजून उठणाऱ्या, झोप नसल्यामुळं दिवसभर काही सुचत नाही अशा बायकांना 'सोसा आता, होईल कमी' हेच उत्तर मिळत राहिलं. २००३ ला ६५ च्या पुढच्यांसाठी सावध केलं ते बरोबरच होतं. पण तीच चौकट सरसकट सगळ्यांवर मारली आणि पुढं बावीस वर्षं तशीच ठेवली, हे माझ्या मते चुकलं.

कारण मधल्या काळात लहान वयातल्या बायकांवरचे निकाल येत गेले. २०१३ मध्ये ५० ते ५५ या वयात गोळ्या घेतलेल्यांचा, २०१५ मध्ये पाळी जाऊन तीन वर्षं व्हायच्या आत सुरू केलेल्या ६९३ बायकांचा, २०१६ मध्ये लवकर आणि उशिरा सुरू केलेल्या आणखी ५६७ जणींचा. सगळ्यांचं उत्तर साधारण एकच, स्मरणशक्तीला फायदाही नाही आणि तोटाही नाही. त्या ६९३ मधल्या बऱ्याच जणींना दहाएक वर्षांनी परत तपासलं, तेव्हाही तेच. २०२३ ला डेन्मार्कच्या रेकॉर्डवरनं परत 'गोळ्या आणि डिमेन्शियाचा संबंध' अशी बातमी आली, पण विसरायला व्हायला लागलं म्हणून बाई गोळ्या मागायला गेली की गोळ्यांमुळं विसरायला लागली, हे नुसत्या रेकॉर्डवरनं सांगता येत नाही. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या त्याच नियामकानं डिमेन्शियाचा इशारा त्या चौकटीतनं काढायचं जाहीर केलं. त्याच वेळी या गोळ्या अल्झायमर टाळतात असंही बोललं गेलं, आणि ते परत त्याच जुन्या निरीक्षणांच्या भरवशावर, म्हणजे गाडी फिरून नव्वदच्या दशकात.

या सगळ्या चाचण्या पाळी आपोआप गेलेल्या किंवा बऱ्याच पुढच्या वयातल्या बायकांभोवती फिरतात. आपल्याकडं पाळी जायचं सरासरी वयच ४६-४७, तिकडच्यापेक्षा चार-पाच वर्षं आधी. त्यात पिशवीची ऑपरेशनं. शिरोळ, हातकणंगले, कागल भागात हंगामाला बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, मुकादमाची उचल घेतलेली असते, पाळीच्या त्रासानं खाडा झाला की पैसे कापले जातात, आणि मग पस्तिशीच्या आतच 'पिशवी काढून टाका' असा सल्ला. २०१९ मध्ये हे गाजल्यावर राज्य सरकारनं समिती नेमली, बीडच्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. आणि हे फक्त ऊसतोडीतलं नाही, देशभरच्या सर्व्हेतही या ऑपरेशनचं मधलं वय ३४ च्या आसपास येतं. २०२३ मध्ये सर्वोच्च कोर्टानं राज्यांना गरज नसलेली ऑपरेशनं थांबवायला नियमावली लागू करा म्हणून सांगितलं.

मेंदूच्या दृष्टीनं कळीचं काय, तर नुसती पिशवी काढली की ओव्हरीजही काढल्या. घरात बोलताना सगळं 'पिशवी'च असतं, बाईला स्वतःलाही बऱ्याचदा सांगितलेलं नसतं. डिस्चार्ज कार्डावर टीएएच लिहिलेलं असेल तर गर्भाशय काढलं, पुढं बीएसओ असेल तर दोन्ही ओव्हरीज आणि नळ्याही गेल्या. म्हणजे त्या दिवसापासनं इस्ट्रोजेन जवळपास बंद, आणि तेही ३४ व्या वर्षी. अमेरिकेत १९५० ते १९८७ मध्ये ओव्हरी काढलेल्या बायकांचा मागोवा घेऊन २००७ साली निकाल छापला. त्यांच्यात पुढं स्मृती ढासळण्याचं आणि डिमेन्शियाचं प्रमाण जास्त निघालं, वय जितकं कमी तितका धोका जास्त, आणि ज्यांना निदान पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन दिलं होतं त्यांच्यात ती वाढ दिसली नाही. हेही निरीक्षणच, चाचणी नव्हे. पण हाडं आणि हार्ट धरून बघितलं तर अशा बायकांना नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, ब्रेस्ट कॅन्सरसारखं कारण आडवं येत नसेल तर, यावर तज्ज्ञांचं बऱ्यापैकी एकमत आहे. २००२ नंतरच्या घबराटीतही हा सल्ला कागदावरनं गेला नव्हता. आपल्याकडं मात्र ऑपरेशननंतर कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या देऊन बाईला घरी पाठवतात, इस्ट्रोजेनचा विषय निघतच नाही.

देशात साठीपुढच्या लोकांत डिमेन्शिया ७.४ टक्के, आणि बायकांत पुरुषांपेक्षा जास्त. त्यात शाळा न मिळणं, बीपी, शुगर यांचा वाटा मोठा, सगळं हॉर्मोनवर ढकलून चालणार नाही. पंचवीस-तीस वर्षांमागं ज्यांच्या ओव्हरीज काढल्या त्या मावश्या, काकू आता साठी-पासष्टीत आहेत, आणि आता त्यांना स्मरणशक्तीसाठी गोळ्या सुरू करणं म्हणजे २००३ मध्ये ज्या वयात नुकसान दिसलं नेमकं तेच वय. त्यांच्यासाठी बीपी, शुगर बघायची, आणि ऐकू कमी येत असेल तर कानाचं मशीन. पण गेल्या हंगामात पस्तिशीत ऑपरेशन झालेल्या बाईच्या हातात अजून दहा-बारा वर्षं आहेत, तिचं कार्ड काढून बीएसओ लिहिलंय का एवढं बघायला एक मिनिट लागतं, आणि लिहिलं असेल तर ते कार्ड घेऊन याच महिन्यात स्त्रीरोग तज्ज्ञाकडं जायला पाहिजे.