श्वास कोंडणारी गाठ : ॲनाप्लास्टिक थायरॉइड कर्करोगाची पार्श्वभूमी

वर्षानुवर्षे गलगंड बाळगून असलेल्या सत्तरीच्या माणसाची गाठ अचानक काही आठवड्यांत फुगते. आवाज घोगरा होतो, घास अडकतो, श्वास घेताना घशातून घरघर ऐकू येते. थायरॉइडच्या कर्करोगांत ॲनाप्लास्टिक, म्हणजे पेशी आपलं मूळ रूप हरवून बेफाम वाढतात तो, प्रकार जेमतेम 1-2 टक्के, पण या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत त्याचा वाटा फार मोठा. निदानानंतर बहुतेक रुग्णांच्या हाती काही महिनेच उरत.

थायरॉइडची शस्त्रक्रिया सुरक्षित केली ती स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांनी. त्यासाठी 1909 साली त्यांना नोबेल मिळालं. 1940च्या दशकात किरणोत्सारी आयोडीन आलं; थायरॉइडच्या पेशी ते शोषतात आणि त्याच्या किरणांनी मरतात. या गाठीपुढे मात्र दोन्ही उपाय थिटे पडले. तिच्या पेशी आयोडीन शोषतच नाहीत आणि ती श्वासनलिकेला अशी चिकटते की पूर्ण काढणं क्वचितच जमतं. ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे श्वासासाठी गळ्यातून श्वासनलिकेत वाट करणं, हेसुद्धा सोपं नसतं, कारण गळ्यात जिथे छेद घ्यायचा, नेमकी तिथेच गाठ बसलेली असते.

तरीही काही रुग्ण अनपेक्षितपणे बरे होत. असं का, याचा उलगडा 1970-80च्या दशकांत पेशींवरची प्रथिनं रंगवून ओळखण्याच्या तंत्रामुळे झाला. ‘लहान पेशींचा’ ॲनाप्लास्टिक म्हणून नोंदलेल्या गाठींपैकी बऱ्याच मुळात लिम्फोमा, म्हणजे लिम्फ पेशींचा कर्करोग, होत्या. हा लिम्फोमा बहुतेकदा हाशिमोटो आजाराने (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते तो आजार) सुजलेल्या थायरॉइडमध्ये उद्भवतो. जपानी डॉक्टर हाशिमोटो यांनी त्या आजाराचं वर्णन 1912 मध्येच केलं होतं. ही गाठही श्वास कोंडते, पण स्टेरॉइड आणि केमोथेरपीने झपाट्याने विरघळते. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा धडा हाच: वय पाहून हात टेकू नयेत, आधी बायोप्सी करावी, आणि तीही तातडीने. सुईने मिळालेल्या चार पेशींवर निदान पक्कं होत नसेल, तर ऊतीचा तुकडाच घ्यायला हवा.

गलगंडाची गोष्ट आपल्याही देशाची आहे. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात वैद्यकीय संशोधक व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी 1956 पासून केलेल्या अभ्यासाने गलगंड रोखण्यासाठी आयोडीनयुक्त मिठाचा उपयोग सिद्ध केला. 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. जुने गलगंड कमी झाले तिथे हा कर्करोगही विरळ होत गेल्याचं अनेक देशांत दिसलं आहे.

2018 मध्ये अमेरिकेत डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या गोळ्यांच्या जोडीला मंजुरी मिळाली, ती बीआरएएफ या जनुकात ठरावीक बदल असलेल्या ॲनाप्लास्टिक गाठींसाठी. काही रुग्णांत गाठ इतकी आकसते की जी काढणं अशक्य वाटत होतं, तिच्यावर नंतर शस्त्रक्रिया करता येते. म्हणून आता बायोप्सीबरोबरच ही जनुक-तपासणीही लगेच मागवतात.