ऑक्सिजनच्या जागी गंधक

आवर्तसारणीत ऑक्सिजनच्या खाली गंधक, सेलेनियम आणि टेल्युरियम येतात. चौघांच्याही बाह्य कक्षेत सहा इलेक्ट्रॉन असल्यामुळे कार्बनशी होणारी त्यांची संयुगे सारखीच वागतील असे वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन डायसल्फाइड या दोघांचेही रेणू सरळ रेषेत असतात, मध्ये कार्बन आणि दोन्ही बाजूंना दुहेरी बंध. तरीही पहिल्या वायूने आपण आग विझवतो, तर दुसरा ४६ अंश सेल्सिअसला उकळणारा द्रव असून त्याची वाफ १०० अंशांच्या आसपास ठिणगीवाचूनही पेट घेते.

गंधकाचा अणू मोठा असल्याने कार्बनशी त्याचा दुहेरी बंध तितका घट्ट जुळत नाही. सेलेनियमपाशी तो आणखी सैल होतो. कार्बन डायसेलेनाइड हा अतिशय दुर्गंधी पिवळा द्रव नुसता ठेवला तरी हळूहळू बहुवारिक (रेणू एकमेकांना जोडून बनलेल्या लांब साखळ्या, म्हणजेच पॉलिमर) बनत जातो. टेल्युरियमचे तसे टिकाऊ संयुग तर आजवर हाती आलेलेच नाही.

या कुटुंबात माणसाच्या सर्वाधिक उपयोगी पडले आणि त्याला सर्वाधिक छळले, ते कार्बन डायसल्फाइडनेच. १७९६ मध्ये जर्मनीतील रसायनशास्त्रज्ञ लाम्पाडियस यांना लोहमाक्षिक (लोह आणि गंधकाचे खनिज) आणि ओलसर कोळसा तापवताना ते मिळाले, आणि १८१३ मध्ये बर्झेलियस व मार्सेट यांनी त्याची घडण निश्चित केली. रबराच्या उद्योगात ते शिरल्यावर कामगारांना स्मृतिभ्रंश, निद्रानाश आणि मनोविकार जडू लागले. पॅरिसचे डॉक्टर डेल्पेश यांनी १८५६ मध्येच हे नोंदवले होते. असे असूनही १८९२ पासून व्हिस्कोज रेयॉनसाठी त्याचा वापर उलट वाढला. कॉस्टिक सोड्यात भिजवलेला लाकडाचा लगदा या द्रवामुळे विरघळतो आणि आम्लात सोडल्यावर त्याचा धागा बनतो. कल्याणजवळच्या शहाडलाही हाच उद्योग उभा राहिला. तयार कापडात हा द्रव उरत नाही, त्यामुळे धोका असतो तो कारखान्यातल्या माणसांना.

हवेत गेलेल्या कार्बन डायसल्फाइडपासून कार्बोनिल सल्फाइड तयार होते, म्हणजे एका बाजूला ऑक्सिजन आणि दुसऱ्या बाजूला गंधक. झाडांची पाने हा वायू कार्बन डायऑक्साइडबरोबरच आत घेतात, पण श्वसनातून परत सोडत नाहीत. म्हणून एखाद्या जंगलात प्रकाशसंश्लेषण किती झाले, याचा अंदाज बांधायला शास्त्रज्ञ आता तोच मोजतात.