‘ऑफिसचं काम आहे’ म्हटल्यावर घरात काय होतं?

हेरपटात एक प्रसंग ठरलेला असतो. नवरा रात्री उशिरा येतो, बायको विचारते, ‘कुठे होतास?’ तो नजर चुकवून म्हणतो, ‘मीटिंग लांबली.’ तिच्या चेहऱ्यावर शंका उमटते आणि तिथून संसाराला तडे जायला लागतात. पटकथेला हे सोयीचं असतं, कारण खोटं बोलणं पडद्यावर दाखवता येतं. गुपितांचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना मात्र खरा ताण भलतीकडेच सापडला आहे.

कोलंबिया विद्यापीठातले मायकेल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली तेरा हजारांहून अधिक गुपितांची माहिती गोळा करून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. समोरच्याशी बोलताना गुपित लपवायची वेळ माणसावर किती वेळा येते आणि एकटं असताना ते आपणहून किती वेळा मनात येतं, हे त्यांनी विचारलं. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळपास दुप्पट निघाला. माणसाचं स्वास्थ्य बिघडण्याचा संबंधही या मनात घोळण्याशीच जास्त होता. पकडलं जाण्याची भीती, घाम, अडखळणं ही सिनेमाची आवडती दृश्यं म्हणजे गुपिताचा लहानसा भाग. लोकलमध्ये खिडकीशी बसलेलं असताना किंवा जेवताना ते पुन्हा पुन्हा वर येतं, तो मोठा भाग.

ते वर का येतं, याचा एक धागा डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात सापडतो. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. एखादा विचार दाबायचा तर तो आला का, हे मनाला सतत तपासावं लागतं, आणि तपासणं म्हणजे त्याची आठवण काढणंच.

सगळी गुपितं सारखी जड नसतात. स्लेपियन आणि अलेक्स कोख यांनी २०२१ मध्ये गुपितांना तीन अंगांनी मोजलं: त्यात नैतिक चूक किती, नात्यांचा संबंध किती आणि काम किंवा ध्येयाचा संबंध किती. कामाशी जोडलेल्या गुपितात ते का राखायचं हे माणसाला स्पष्ट असतं, त्यामुळे तसं गुपित कमी छळतं. विवाहबाह्य संबंध लपवणारा आणि अणुभट्टीचा तपशील लपवणारा, दोघंही घरी गप्पच असतात, पण पहिल्याला लाज खाते आणि दुसऱ्याला कर्तव्याचा आधार असतो. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. सरकारी गुपित बाळगणारा त्यामानाने सावरलेला असतो. ओझं येतं ते त्याच्या जोडीदारावर.

त्याचा पुरावा नेदरलँड्समधल्या १९९ नवविवाहित जोडप्यांच्या अभ्यासातून येतो. कॅट्रिन फिंकनाउअर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तो मांडला. जोडीदार आपल्यापासून काहीतरी लपवतोय असं वाटलं, की माणसाला आपल्याला बाहेर ठेवलंय असं वाटायला लागतं, आणि त्यातून नातं उणावतं. दुखतं ते आपल्यासमोर दार लोटलं गेल्याचं. दाराआड काय आहे, हा प्रश्न नंतरचा.

मुंबईत हे दार अक्षरशः दिसतं. सिनेमातल्या हेराला तळघर असतं, कुलूपबंद अभ्यासिका असते. इथे वन बीएचके. फोन वाजतो, नवरा स्क्रीन बघतो, उठतो, गॅलरीत जातो. गॅलरीत शेजारच्यांना ऐकू जाईल म्हणून चपला घालून जिन्यात उतरतो. आत बायको भाजी परतते आहे, मुलगा गृहपाठ करतो आहे, आणि दोघांनाही बाबा दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर उभे आहेत हे माहीत आहे. एक शब्दही कानावर पडलेला नसतो, पण लपवलं जातंय हे घरातल्या प्रत्येकाला कळलेलं असतं. यासाठी माणूस हेरच असायला हवा असं नाही. पहाटे धाडीला निघणारा आयकर अधिकारी, पोलिसांच्या विशेष शाखेतला हवालदार, नौदलातला तंत्रज्ञ यांच्या घरी हेच चालतं. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा पती-पत्नीसाठी वेगळी सवलत ठेवत नाही.

‘बायकोला खोटं बरोबर कळतं’ हा सिनेमाचा दुसरा लाडका समज. चार्ल्स बाँड आणि बेला डिपाउलो यांनी २००६ मध्ये शेकडो प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरली. नाणं उडवलं तरी पन्नास टक्के. जवळच्या नात्यात ‘मला कळतं’ हा विश्वास वाढतो, अचूकता तशी वाढत नाही. म्हणजे तिची शंका चुकीच्या दिशेला जाण्याचीही तेवढीच शक्यता. संध्याकाळी उशीर का झाला, याचं तिच्या मनाने शोधलेलं कारण खऱ्या कारणापेक्षा वाईट असू शकतं.

एक नुकसान तर पडद्यावर फारसं दिसतच नाही. शेली गेबल यांच्या २००४ च्या संशोधनातून दिसलं, की चांगली बातमी जोडीदाराला सांगण्याने आणि त्याने ती मनापासून उचलून धरण्याने नातं घट्ट होतं. गुप्त कामात संकटाइतकंच यशही गिळावं लागतं. मे १९९८ मध्ये अणुचाचण्यांसाठी पोखरणला गेलेले शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात, टोपणनावांनी वावरत होते. मुंबईत मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष आर. चिदंबरम तिथे ‘मेजर जनरल नटराज’ होते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली माणसं कित्येक वर्षं या कामात होती. आयुष्यातलं सर्वात मोठं काम हातून होत असताना घरी ‘आज काय झालं माहितेय?’ असं म्हणता न येणं, ही उणीव मला खोटं बोलण्यापेक्षा मोठी वाटते.

उपाय विचारला तर संवादाच्या अभ्यासक सँड्रा पेट्रोनियो यांचं संशोधन कामी येतं. त्यांच्या सिद्धांतानुसार खासगी माहितीभोवती सीमा असते, आणि ती कुठे आहे हे दोघांनी बोलून ठरवलेलं असलं तर नात्यात गोंधळ कमी होतो. ‘मीटिंग लांबली’ या थापेपेक्षा ‘कामाचं आहे, सांगता येणार नाही, आपल्या दोघांशी त्याचा संबंध नाही’ हे वाक्य शास्त्राच्या बाजूने उभं राहतं. त्यात गुपित फुटत नाही, फक्त त्याची हद्द सांगितली जाते. आणि तिच्या मनात उगवणाऱ्या दहा वाईट कारणांपैकी नऊ तिथल्या तिथे मावळतात.

आपल्याकडे या हद्दीवर आणखी माणसं उभी असतात. सासूबाई विचारतात, ‘हा नक्की करतो तरी काय गं?’ नणंद विचारते, लग्नात भेटलेले काका विचारतात. हद्द माहीत असलेली बायको त्यांना उत्तर देते, ‘सरकारी नोकरी आहे, बदलीची आहे,’ आणि विषय मुलांच्या परीक्षेकडे नेते. समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०६ मध्येच मांडलं होतं, की गुपित बाहेरच्यांना दूर ठेवतं तसं ते राखणाऱ्यांना एकत्र बांधतं. बायको या दुसऱ्या गटात आली, तर तोच कायदा आणि तेच मौन असूनही घरातला हिशेब बदलतो. तपशील तिला अजूनही माहीत नसतात, पण राखणारे आता दोघं असतात.