रिपोर्टमधला अमिबा नेमका कोणता?

पावसाळा लागला की नागपुरात पोटाच्या तक्रारी वाढतात आणि त्यांचे खापर एकतर तर्री-पोह्यांवर फुटते, नाहीतर 'जुन्या अमिबा'वर. वर्षानुवर्षे 'मला अमिबा आहे' असे सांगणारे कोणीतरी प्रत्येकाच्या नात्यात असतेच. त्यांच्या फायलीत शौचतपासणीचा एक कागद असतो आणि त्यावर 'एन्टामीबा हिस्टोलिटिकाचे सिस्ट आढळले' अशी ओळ असते, म्हणजे आजार करणाऱ्या अमिबाची कवचबंद, सुप्त रूपे सापडली. ही ओळ दिसते तितकी ठाम नसते.

काचपट्टीवर एका बाजूला सलाइनचा आणि दुसऱ्या बाजूला आयोडीनचा थेंब ठेवून त्यांत काडीच्या टोकावर मावेल एवढाच नमुना कालवतात. सलाइनमध्ये जिवंत अमिबाची सरपट दिसते, तर आयोडीनमुळे सिस्ट पिवळसर-तपकिरी होऊन त्यांतली केंद्रके मोजता येतात. आकार 10 ते 20 मायक्रॉन आणि केंद्रके जास्तीत जास्त चार असतील तर हिस्टोलिटिकाचा संशय घेतात, केंद्रके आठपर्यंत असतील तर तो निरुपद्रवी एन्टामीबा कोलाय (लघवीच्या रिपोर्टमधल्या ई. कोलाय जिवाणूशी त्याचा काहीही संबंध नाही). परजीवी रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने मागतात. पातळ शौचातला जिवंत अमिबा साधारण अर्ध्या तासात ओळखू येईनासा होतो, त्यामुळे सकाळी भरलेली डबी दुपारी लॅबमध्ये पोचवून त्याची हालचाल शोधण्यात अर्थ नसतो.

खरी अडचण यापुढे सुरू होते. एन्टामीबा डिस्पार नावाची आणखी एक जाती आहे, तिचे सिस्ट हुबेहूब हिस्टोलिटिकासारखेच असतात आणि ती आजार करत नाही. एमिल ब्रुम्प्ट यांनी 1925 मध्येच ही जाती वेगळी असल्याचे मांडले होते. पण सूक्ष्मदर्शकाखाली फरक दिसत नसल्याने ते फारसे कोणी मानले नाही आणि तिला रीतसर मान्यता मिळायला 1993 साल उजाडले. अमिबाच्या पोटात गिळलेल्या तांबड्या पेशी दिसल्या तर हिस्टोलिटिकाकडे बोट दाखवता येते, परंतु सिस्टमध्ये तोही पुरावा नसतो.

फरक आहे तो रेणूंच्या पातळीवर, आणि मला या विषयातला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो. मोठ्या आतड्याच्या आतून बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो आणि त्यातल्या प्रथिनांवर गॅलॅक्टोज व एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसअमाइन या शर्करा असतात. हिस्टोलिटिकाच्या पृष्ठभागावरचे लेक्टिन नावाचे प्रथिन या शर्करांना नेमके पकडते. श्लेष्मा भेदला गेला की तेच लेक्टिन आतड्याच्या पेशींना धरते, आणि मग अमिबा त्या पेशींचे जिवंतपणीच लचके तोडतो, हे 2014 मध्ये दाखवले गेले. प्रयोगशाळेत भरपूर गॅलॅक्टोज मिसळले तर लेक्टिन त्यातच गुंतते आणि अमिबाची पकड सुटते. डिस्पारकडेही लेक्टिन असते, मात्र त्याच्या रचनेत थोडे फरक आहेत, आणि हिस्टोलिटिकाच्या लेक्टिनवरील ठरावीक जागाच ओळखणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करता येतात. अशी प्रतिपिंडे प्लेटच्या खळग्यात चिकटवून त्यात नमुना घातला, की हिस्टोलिटिकाचे लेक्टिन तिथे अडकते; त्यावर विकर (एन्झाइम) जोडलेले दुसरे प्रतिपिंड बसवले की रंग उमटतो. ज्या रेणूच्या जोरावर अमिबा आतड्याला चिकटतो, तोच त्याची ओळख पटवतो. मात्र यासाठी ताजा किंवा गोठवलेला नमुना लागतो, कारण नमुना टिकवण्यासाठी घालतात त्या फॉर्मलिनने प्रतिजनाची, म्हणजे इथे लेक्टिनची, रचना बिघडते. अमिबाचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी याहून संवेदनशील आहे, पण महाग आहे.

रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी यकृतातल्या गळवाच्या निदानात उपयोगी पडते. परंतु ती प्रतिपिंडे वर्षानुवर्षे टिकतात, त्यामुळे आजचा संसर्ग आणि जुना संसर्ग यांत ती गफलत करते. धंतोली-रामदासपेठेतल्या लॅबच्या 'पॅकेज'मध्ये काय काय आहे हे पाहण्यापेक्षा कोणती चाचणी कशासाठी आहे, हे डॉक्टरांना विचारावे. 'बेंबी सरकली' म्हणून पोट चोळून घेण्याने किंवा पोट 'डिटॉक्स' करणाऱ्या चूर्णांनी तर सिस्टच्या केसालाही धक्का लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 1997 च्या तज्ज्ञ बैठकीने असे सुचवले, की केवळ सूक्ष्मदर्शकावरून दिलेल्या रिपोर्टात 'हिस्टोलिटिका/डिस्पार' असे लिहावे आणि डिस्पारवर औषध देऊ नये. तेव्हा लक्षणे नसताना, नुसत्या सिस्टच्या ओळीवरून दर पावसाळ्यात स्वतःच मेट्रोनिडाझोल हे अमिबावरचे औषध घेणे अनाठायी आहे. सिस्टवर ते औषध फारसे चालतही नाही.