वजन उतरलं की चरबी उतरली?

ठाण्यातल्या कचराळी तलावाला सकाळी फेऱ्या मारताना गेली कित्येक वर्षं मी एक वाक्य ऐकते आहे. "आठवड्यात तीन किलो उतरलं!" पंधरा-वीस दिवस गेले की त्याच तोंडून दुसरं येतं, "काय उपयोग, सगळं परत आलं." दोन्ही वाक्यं खरी असतात. काट्यावर ते आकडे दिसलेलेच असतात. पण त्या तीन किलोंत चरबी किती होती, असं विचारलं की समोरचा माणूस माझ्याकडे बघत राहतो. वजन आणि चरबी यांत फरक असू शकतो हेच बऱ्याच जणांच्या मनात आलेलं नसतं. या एका घोळापायी नेटाने व्यायाम करणारी माणसं व्यायाम सोडताना मी पाहिली आहेत, आणि निव्वळ पाणी उतरवणाऱ्या डाएटवर हजारो रुपये घालवणारीही.

वजन काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. हाडं, रक्त, पाणी, स्नायू, चरबी, रात्रीचं जेवण आणि सकाळी साफ न झालेलं पोट, या सगळ्याची ती बेरीज. काटा फक्त बेरीज सांगतो. आपल्याला कमी करायची असते चरबी, तीही विशेषकरून पोटाच्या आतली. बेरजेतला दुसराच आकडा कमी झाला तरी बेरीज कमी होते, आणि इथेच माणूस फसतो.

आमच्या मजल्यावरच्या वहिनींचं उदाहरण सांगते, त्यांना विचारूनच. गेल्या वर्षी त्यांनी सात दिवसांचं डाएट घेतलं. पोळी नाही, भात नाही, साखर नाही, दोन्ही वेळेला सूप आणि काकडी-टोमॅटो. आठव्या दिवशी 3.2 किलो कमी. वहिनी आनंदाने दारात उभ्या. त्यानंतरच्या शनिवार-रविवारी डोंबिवलीला भाच्याची मुंज होती. मसालेभात, जिलबी, मठ्ठा, सगळं झालं. सोमवारी काट्यावर दोन किलो जास्त. त्या अक्षरशः रडल्या. "मी दोन दिवसांत दोन किलो चरबी वाढवली," असं म्हणाल्या. मी कागद-पेन घेऊन त्यांच्या ओट्यापाशी उभी राहिले.

शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. दोन किलो चरबी वाढवायची तर शरीराला लागतं त्याच्या वर आणखी 15,400 कॅलरी खाव्या लागतील. दोन दिवसांत. जिलबीचं अख्खं ताट संपवलं तरी ते जमणार नाही. म्हणजे ते दोन किलो चरबी नव्हते. आता हाच हिशोब उलटा करू. डाएटच्या सात दिवसांत 3.2 किलो चरबी जायला 24,640 कॅलरींची तूट पडायला हवी, म्हणजे रोज साडेतीन हजार. वहिनींचं शरीर दिवसभरात सगळं मिळून खर्चतं साधारण अठराशे. आठवडाभर त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नसतं, तरी चरबी दीड-पावणेदोन किलोच्या पुढे गेली नसती. आणि त्या तर सूप पीत होत्या.

मग तीन किलो गेले कुठे? बहुतेक पाण्यात. पोळी, भात, भाकरी, पोहे यांतून मिळालेली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं. त्या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. यकृतात शंभर ग्रॅमच्या आसपास, स्नायूंत चारेकशे. हा साठा कोरडा नसतो, प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. पोळी-भात बंद केला की पहिल्या तीन-चार दिवसांत साठा वापरला जातो आणि त्याने धरलेलं पाणी लघवीवाटे निघून जातं. चारशे ग्रॅम साठा गेला तर त्याच्यासोबत बाराशे ग्रॅम पाणी. झालं, दीड किलोच्या वर इथेच कमी. त्यात लोणचं-पापड बंद, म्हणजे मीठ कमी, म्हणजे आणखी पाणी गेलं. आतड्यातला ऐवज कमी झाला तो वेगळा. मुंजीच्या जेवणाने कोठार पुन्हा भरलं, पाणी परत आलं. वहिनींची चरबी या सगळ्या भानगडीत फार तर अर्धा-पाऊण किलोने कमी झाली होती आणि ती बऱ्यापैकी तशीच कमी राहिली होती. रडण्यासारखं काहीच घडलं नव्हतं. पण त्यांनी त्या सोमवारी सगळं सोडलं, आणि मला राग येतो तो याचाच. घोडबंदर रोडला जिथे तिथे "सात दिवसांत पाच किलो" अशा पाट्या लागतात. त्या वाचणाऱ्याला हे कुणी सांगत नाही की पाच किलो उतरतीलही, पण ते मोरीतून वाहून गेलेलं पाणी असेल.

चरबी खरी उतरते तेव्हा तिचा वेग किती असतो ते बघा. रोज पाचशे कॅलरींची तूट ठेवणं, म्हणजे दीड-दोन पोळ्या, दुपारचा फरसाण आणि दोन चहांची साखर कमी करून वर तासभर चालणं, हे प्रामाणिकपणे पाळलेलं चांगलं काम आहे. त्याने दिवसाला चरबी जाते 65 ग्रॅम. एका बऱ्यापैकी लिंबाएवढी. आणि शरीरातलं पाणी एका दिवसात सहज एक किलो वरखाली होतं, लिटरच्या बाटलीएवढं. बायकांचं पाळीच्या आधी त्याहून जास्त. रोज सकाळी काट्यावर चढणारा माणूस त्या बाटलीच्या हेलकाव्यात लिंबू शोधत असतो. म्हणून रोज वजन करून मनाला लावून घेणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, काटा आठवड्यातून एकदा बघा, त्याच वारी, त्याच वेळी, आणि चार आठवड्यांचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय काही ठरवू नका.

याच्या उलटही होतं, आणि ते मला जास्त जिव्हारी लागतं. माझे मामा वर्तकनगरला राहतात. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी साखर सीमेवर आहे म्हणून सांगितलं तेव्हा त्यांनी येऊरचा चढ धरला, आठवड्यातून तीन दिवस घरी डंबेल. पाच आठवडे वजन 78 वर ढिम्म. मला फोन करून म्हणाले, "माझ्या वयाला आता होत नाही हे." मी गेले आणि त्यांचा पट्टा मागितला. चामड्याचा जुना पट्टा. दुसऱ्या भोकापाशी वर्षानुवर्षं बकल घासून पांढरी रेघ पडली होती, आणि आता बकल बसत होतं तिसऱ्या भोकात. "मामा, हे बघा," म्हटलं. त्यांनी पट्टा हातात घेऊन बराच वेळ त्या रेघेवरून अंगठा फिरवला. व्यायाम नव्याने सुरू केला की स्नायू जास्त ग्लायकोजेन साठवतात, आणि त्याच्यासोबत पाणी. दुखऱ्या स्नायूंतही पाणी धरलं जातं. चरबी जात असते, पाणी येत असतं, बेरीज जागची हलत नाही. तीन महिन्यांनी मामांचं वजन जेमतेम दीड किलोने कमी होतं, पण कमरेचा घेर 102 वरून 97 सेंटिमीटरवर आला होता. काट्यावर विश्वास ठेवला असता तर ते पाचव्या आठवड्यातच घरी बसले असते.

बाकीचे गैरसमज फारसे अवघड नाहीत, भरभर घेते. घाम म्हणजे चरबी वितळणं नव्हे. दहा किलो चरबी जळते तेव्हा तिच्यातली 8.4 किलो श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर जाते आणि 1.6 किलोचं पाणी होतं. मे महिन्याच्या दमटपणात प्लास्टिकचं जॅकेट घालून उपवनला धावणाऱ्यांनी ते आजच काढावं, चक्कर येऊन पडाल. पोटाचे व्यायाम केल्याने नेमकी पोटावरचीच चरबी जात नाही. कुठून आधी जायची ते शरीर ठरवतं. चरबीचं स्नायूंत रूपांतरही होत नाही, त्या दोन वेगळ्या पेशी आहेत. आणि पायाखालून बारीक वीजप्रवाह सोडून चरबीचे टक्के सांगणारा काटा शरीरातल्या पाण्यावरूनच अंदाज बांधतो, तेव्हा त्याचा आजचा आकडा कालच्याशी ताडून पाहू नका.

स्नायूंवर मात्र थांबायलाच हवं. पाणी परत येतं, पण स्नायू गेले तर ते कमवावे लागतात. 2019 मध्ये मी स्वतः चार महिन्यांत नऊ किलो उतरवले होते, रात्री फक्त सूप आणि सकाळी चालणं. सगळे कौतुक करत होते. पण सोसायटीची लिफ्ट बंद पडली त्या दिवशी दहा किलो तांदळाची पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढताना दुसऱ्याच मजल्यावर मला ती खाली ठेवावी लागली. वर्षभरापूर्वी मी ती न थांबता नेत असे. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं की त्यातला साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो, स्नायूंचा आणि तत्सम भागांचा असतो. पुढच्या वर्षी माझं वजन परत वाढलं ते चरबीच्या रूपात. काट्यावर मी जिथल्या तिथे आले, पण पिशवी जड ती जडच राहिली.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. किती उतरणार हे मुख्यतः ताट ठरवतं. सत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटर चालला तर अडीचशेच्या आसपास कॅलरी जातात, आणि एका वडापावात साधारण तीनशे असतात, तेव्हा चालून खाणं फेडता येत नाही. पण जे उतरतंय ते चरबीचं की स्नायूंचं, हे जोर-बैठका, डंबेल, जिना, चढ असला ताकदीचा व्यायाम आणि ताटातलं प्रोटीन यांवर ठरतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि त्याच्या जोडीला दोन दिवस ताकदीचा. पहिला भाग सगळे उचलतात, दुसरा कुणी वाचतच नाही, विशेषतः बायका. तलावाला तासभर गप्पा मारत चालणं मला फार प्रिय आहे, पण तेवढ्याने मांड्यांत बळ येत नाही.

प्रोटीनचंही तसंच. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, हैदराबादच्या पोषण संस्थेने रोज शरीराच्या वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम सांगितलंय. साठ किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम. वजन उतरवताना त्याहून थोडं जास्त बरं, मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आपल्या घरातलं खाणं मोजून बघा. पोह्यांच्या बशीत तीन-चार ग्रॅम, दोन पोळ्यांत सहा, पातळ वरणात नावाला. "आम्ही डाळ रोज खातो" हे वाक्य मला सहन होत नाही, कारण त्या वाटीत बहुतेक पाणी आणि फोडणी असते. त्यापेक्षा घट्ट उसळीची मोठी वाटी घ्या. दोन अंडी म्हणजे बारा ग्रॅम, बांगड्याचे शंभर ग्रॅम म्हणजे अठरा-वीस, तेवढ्याच पनीरमध्ये अठराच्या आसपास. डाएट म्हणून सगळ्यात आधी उसळ आणि अंडं सोडून काकडीवर येणाऱ्यांना मला थांबवावंसं वाटतं.

बारीक माणसांनीही हे वाचावं. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला होता, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिक यांच्या 21.2. काट्याने आणि उंचीने दोघांना एकाच खणात टाकलं होतं. आपल्याकडे वजन बेताचं, हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, अशी माणसं घरोघरी आहेत. भारतीयांसाठी 23 च्या पुढे बीएमआय जास्त धरतात तो यामुळेच, आणि पुरुषांची कंबर 90, बायकांची 80 सेंटिमीटरच्या वर गेली की जपायला सांगतात. अशा माणसाने वजन कमी करण्याच्या मागे लागू नये. त्याला चरबी कमी आणि स्नायू जास्त हवेत, काटा हलला नाही तरी चालेल.

तेव्हा काट्याच्या जोडीला शिंप्याची टेप आणा, जांभळी नाक्यावर थोडक्या पैशांत मिळते. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी चहाच्या आधी, श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध गुंडाळायची. पोट आत ओढायचं नाही. टेप नसेल तर आपल्या उंचीएवढा दोरा घ्या, तो दुमडून निम्मा करा आणि कमरेभोवती गुंडाळा. टोकं जुळली पाहिजेत. वहिनींची गेल्या श्रावणात चार बोटं कमी पडत होती. परवा त्यांनी तोच दोरा देवघराच्या खणातून काढून मला बोलावून दाखवला, दीड बोट उरलंय. वजन किती झालं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.