इफ आलं की वाक्य काऊन अडकते?
आमच्या स्पोकन इंग्लिश बॅचच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी

नमस्कार. आमच्याकडे आजूबाजूच्या खेड्यातून एसटीनं येणारी पोरंपोरी आहेत, बारावीवाले आहेत, नागपूर-पुण्याला इंटरव्ह्यू द्यायला जाणारे आहेत, बाहेरच्या राज्यातल्या संत्रा व्यापाऱ्यांशी फोनवर बोलावं लागते म्हणून येणारे काही शेतकरी भाऊ पण आहेत, आणि सगळ्यांची गाडी एकाच जागी अडते, इफवर. म्हणून हा कागद छापला. घरी नेऊन सावकाश वाचा.

आधी आपलं मराठी बघा. "पाऊस आला तर पेरू." पाऊस यायचा आहे, पेरणी व्हायची आहे, तरी आपण "आला" म्हणतो. त्याच सवयीनं पोरगं इंग्रजीत म्हणते, इफ इट रेन्ड, वी विल सो. हे चुकते. पुढं होऊ शकते अशा गोष्टीला इफवाल्या भागात साधा वर्तमानकाळ लागतो आणि विल दुसऱ्या भागात जाते: इफ इट रेन्स, वी विल सो. इफ इट विल रेन असं पण नाही म्हणायचं, ही चूक तर रोज ऐकतो.

नेहमी तसंच होते अशा नियमाच्या गोष्टीत विलची पण गरज नाही. सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी कंपनीच्या, केंद्रावर कापूस नेला की काय होते, ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव, त्याच्यावर 12 पर्यंत कपात, आणि 12 च्या वर गेला तर घेतच नाहीत. इफ द मॉइश्चर क्रॉसेस 12 पर्सेंट, दे रिजेक्ट द कॉटन. दोन्हीकडे वर्तमानकाळ, झालं.

आता खरा अवघड भाग, इथं घाई करू नका. "पैसे असते तर ट्रॅक्टर घेतला असता." हे आजचं बोलणं आहे का मागच्या दिवाळीचं? नुसत्या वाक्यावरून सांगता येत नाही, ऐकणारा आधीच्या बोलण्यावरून समजून घेतो. इंग्रजीत मात्र तोंड उघडायच्या आधीच ठरवावं लागते, आज का तेव्हा. आज पैसे नाहीत तर, इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ ट्रॅक्टर. हॅड दिसायला भूतकाळ आहे पण गोष्ट आजची आहे, तो हॅड फक्त एवढंच सांगते की हे खरं नाही. मागच्या दिवाळीला नव्हते तर, इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट अ ट्रॅक्टर. दोनदा हॅड पाहून पोट्टे खोडरबर काढतात, खोडू नका, पहिला हॅड सहायक आहे आणि दुसरा हॅवचं तिसरं रूप. आणि कधी कधी अर्धं वाक्य तेव्हाचं अर्धं आजचं असते, ते पण चालते: इफ आय हॅड टेकन सायन्स, आय वुड बी अ नर्स नाऊ.

इंटरव्ह्यूला जाणाऱ्यांनी हे पाठच करा. साहेब विचारतात, इफ यू वर द मॅनेजर, व्हॉट वुड यू डू? उत्तर आय वुड नं सुरू करायचं, आय विल नं नाही, कारण तुम्ही आज मॅनेजर नाही. बोलताना इफ आय वॉज बरेच लोक म्हणतात, पण पेपरात इफ आय वर (were) असंच लिहा.

बारावीवाल्यांसाठी अनलेस. त्याच्या पोटात "नाही" आधीच आहे. इफ यू डोन्ट स्प्रे इन टाइम, यू विल लूज द क्रॉप, याचं अनलेस यू स्प्रे इन टाइम, यू विल लूज द क्रॉप होते. अनलेस यू डोन्ट लिहिलं की सगळा अर्थच उलटा होते, मग फवारणी केल्यानं पीक जाते बाप्पा. इफ किंवा अनलेस आधी आलं तर मधात स्वल्पविराम द्या, नंतर आलं तर नको.

कागदाच्या मागची बाजू मुद्दाम कोरी सोडली आहे. तिथं आपल्याच घरातल्या, वावरातल्या गोष्टींवर तीन वाक्यं लिहून आणा, एक पुढं होऊ शकते असं, एक आज नाही असं आणि एक तेव्हा झालं नाही असं. मोबाईलवर ट्रान्सलेट करून आणू नका, चुकलं तरी स्वतःचं आणा, सोमवारी बॅचमध्ये एकेकाचं फळ्यावर लिहून दुरुस्त करू.